छळाची बातमी मध्यस्थीच्या प्रार्थनेत कशी आणावी

रविवारच्या उपासनेत मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना करण्याची पाळी ज्यांच्यावर येते, त्यांच्या मोबाइलवर शनिवारी रात्रीपर्यंत ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या दोन-चार बातम्या येऊन पडलेल्या असतातच. त्यांतील कोणती घ्यावी, कशी तपासावी आणि कोणत्या शब्दांत मंडळीपुढे ठेवावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. पेत्र तुरुंगात असताना मंडळीने त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना केली, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात आपण वाचतो. कैदी कोण, तो कोणाच्या हुकमाने धरला गेला आणि कोणत्या सणाच्या दिवसांत, हे सारे त्या मंडळीला ठाऊक होते. दुःख भोगणाऱ्यांचे आपण एवढे तरी देणे लागतो, की त्यांच्याविषयी देवापुढे बोलताना खरे बोलावे.

म्हणून पहिले काम पडताळणीचे. भारतातील ‘ऑलिसाबांग’ प्रांतात वीस चर्च जाळली गेली असून आज रात्री आणखी दोनशे जाळली जाणार आहेत, असा एक संदेश कित्येक वर्षे जगभर फिरत आहे. या नावाचा प्रांत भारतात नाही. अफगाणिस्तानात मिशनऱ्यांना उद्या दुपारी मृत्युदंड दिला जाणार आहे, हा संदेशही तसाच दरवर्षी नव्याने येतो आणि त्यातला ‘उद्या’ कधीच उगवत नाही. खरी घटना २००७ सालची आहे: त्या वर्षी तालिबानने दक्षिण कोरियाच्या २३ ख्रिस्ती स्वयंसेवकांचे अपहरण केले, त्यांतील दोघांना ठार केले आणि उरलेल्यांना पुढे सोडून दिले. ऑलिसाबांगचा संदेश आमच्या मंडळीतही एकदा वाचला गेला आणि लोक रडले. ते अश्रू खरे होते, आणि म्हणूनच मला आजही त्याचे वाईट वाटते. संदेशात तारीख, गाव आणि जिल्हा नसेल, ‘तातडीने पुढे पाठवा’ एवढाच आग्रह असेल, तर तो बाजूला ठेवावा. गावाचे नाव असेल तर नकाशावर शोधावे, त्या भागातील वृत्तपत्रात आणि तेथील बिशपांच्या किंवा मंडळीच्या निवेदनात बातमी आहे का ते पाहावे, आणि दोन स्वतंत्र ठिकाणी ती सापडल्याशिवाय वेदीपुढे नेऊ नये. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा (निर्गम २०:१६) पुढे पाठवलेल्या संदेशालाही लागू आहे, कारण त्यात कोणत्या तरी समाजावर आरोप केलेला असतो.

आकड्यांच्या बाबतीत घाई करू नये. श्रीलंकेत २१ एप्रिल २०१९ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, कोलंबो, नेगोंबो आणि बट्टिकलोआ येथील तीन चर्चमध्ये व काही हॉटेलांत स्फोट झाले. मृतांचा आकडा आधी ३५९ सांगितला गेला आणि चारच दिवसांत तेथील आरोग्य खात्याने तो २५३ च्या आसपास खाली आणला, कारण मृतदेहांची ओळख आणि मोजणी अतिशय अवघड झाली होती. अशा वेळी ‘दोनशेहून अधिक’ म्हटल्याने प्रार्थनेत काहीही उणे राहत नाही. ओडिशातील कंधमालसारख्या ठिकाणी तर वाद वर्षानुवर्षे मिटत नाही. २००८ च्या हिंसाचारातील मृतांचा सरकारी आकडा चाळीसच्या आसपास आहे आणि ख्रिस्ती संघटनांचा शंभराच्या जवळ. तेथे दोन्ही आकडे सांगावेत आणि कोणता कोणाचा तेही सांगावे.

दर जानेवारीत ‘ओपन डोअर्स’ ही संस्था ख्रिस्ती लोकांचा सर्वाधिक छळ होणाऱ्या पन्नास देशांची सूची प्रसिद्ध करते. ती वाचताना तिची पद्धत समजून घ्यावी. वैयक्तिक जीवन, कुटुंब, समाज, राष्ट्र आणि मंडळी या पाच क्षेत्रांतील दडपण आणि त्याशिवाय प्रत्यक्ष हिंसा, अशा सहा भागांना गुण देऊन देशाचा क्रमांक ठरतो. त्यामुळे उत्तर कोरिया बहुतेक वर्षी पहिला असतो, जरी तेथून हत्यांची वार्ता क्वचितच बाहेर येते. २०२५ च्या सूचीत ३८ कोटींहून अधिक ख्रिस्ती लोक तीव्र छळ व भेदभाव सोसतात असे म्हटले आहे. याचा अर्थ ३८ कोटी लोकांना मारहाण झाली असा होत नाही. श्रद्धेमुळे ठार झालेल्यांचा त्याच सूचीतील आकडा ४,४७६ आहे आणि त्यांतील ३,१०० एकट्या नायजेरियातील आहेत. हा फरक मंडळीला समजावून सांगणारे प्रार्थनेचे पुढारी मला फार थोडे भेटले.

सर्वांत कठीण प्रश्न कारणाचा आहे. मणिपुरात ३ मे २०२३ पासून पेटलेल्या हिंसाचारात शेकडो चर्च जाळली गेली, पण तो संघर्ष बहुतांशी हिंदू मैतेई आणि बहुतांशी ख्रिस्ती कुकी-झो या दोन समाजांत जमीन, अनुसूचित जमातीचा दर्जा आणि जुना अविश्वास यांवरून उसळला. त्यात मैतेई ख्रिस्ती लोकांची चर्चही जळली आणि मंदिरेही जळली. याला केवळ ‘ख्रिस्ती लोकांचा छळ’ म्हणणे अपुरे आहे, आणि धर्माचा त्याच्याशी काहीच संबंध नाही असे म्हणणेही तितकेच अपुरे आहे. कंधमालविषयी बोलतानाही २३ ऑगस्ट २००८ रोजी विश्व हिंदू परिषदेचे नेते स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती आणि त्यांचे सहकारी मारले गेले, हे आधी सांगावे. त्या हत्येची जबाबदारी माओवाद्यांनी घेतली होती आणि सूड मात्र गरीब ख्रिस्ती गावांवर उगवला गेला. दोन्ही वाक्ये उच्चारली, तरच अन्यायाचे खरे स्वरूप दिसते.

शब्द निवडताना कोणत्याही समाजाला सरसकट शत्रू म्हणू नये. पाकिस्तानातील आसिया बीबी या ख्रिस्ती स्त्रीला २०१० साली ईशनिंदेच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली, तेव्हा तिची बाजू घेतल्याबद्दल तेथील पंजाब प्रांताचे राज्यपाल सलमान तासीर २०११ च्या जानेवारीत मारले गेले. ते मुसलमान होते. दोनच महिन्यांनी ख्रिस्ती मंत्री शाहबाज भट्टी यांचीही हत्या झाली. या दोघांची नावे एकाच प्रार्थनेत यावीत असे मला मनापासून वाटते. आणि कोकणी-मराठी मुलखातील ख्रिस्ती माणसाने गोव्याचा इतिहासही लक्षात ठेवावा. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मिशनरी मारले गेले, पण त्यापूर्वी साष्टीतील देवळे पाडली गेली होती, आणि त्यानंतर गावच्या गांवकरांना बोलणी करण्याच्या मिषाने बोलावून पोर्तुगीजांनी ठार केले. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, तर १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, चालू राहिले. ख्रिस्ताच्या नावाने झालेल्या या छळाची कबुली ज्या प्रार्थनेत आहे, तिच्यातील तक्रारीला अधिक वजन येते.

सावधगिरीच्या दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. धोक्यात असलेल्या व्यक्तीचे नाव, गाव किंवा बाप्तिस्म्याचे छायाचित्र तिच्या परवानगीशिवाय उपासनेच्या थेट प्रक्षेपणात येऊ देऊ नये; धर्मांतरविरोधी कायदे असलेल्या राज्यांत तर मुळीच नाही. तसेच निधी गोळा करण्याची विनंती प्रार्थनेत मिसळू नये. ती पंचांपुढे वेगळी ठेवावी.

प्रार्थना एका मिनिटाची पुरते. १६ ऑगस्ट २०२३ रोजी पाकिस्तानातील जरांवाला येथे ईशनिंदेच्या आरोपावरून जमावाने वीसहून अधिक चर्च आणि अनेक घरे जाळली. त्यानंतरच्या रविवारी अशी प्रार्थना करता आली असती: “हे प्रभू, जरांवाल्याच्या ज्या कुटुंबांनी उसाच्या शेतांत रात्र काढली, त्यांना तू पाहिलेस. त्यांचे प्राण वाचले म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. ज्यांच्यावर आरोप आहे त्यांना न्याय्य चौकशी मिळो. ज्यांनी आग लावली त्यांचे मन तू फिरव, आणि ज्या शेजाऱ्यांनी आसरा दिला त्यांना आशीर्वाद दे.” यात ठिकाण आहे, उपकारस्मरण आहे, न्यायाची मागणी आहे आणि मत्तय ५:४४ मधील, शत्रूंवर प्रीती करण्याच्या, आज्ञेचे पालनही आहे.

शेवटचे काम बहुतेक मंडळ्यांत होत नाही, म्हणून त्यावर अधिक जोर देतो. एक वही ठेवावी. डाव्या पानावर नाव, ठिकाण, तारीख आणि बातमी कोठून मिळाली ते लिहावे. उजवे पान पुढे काय झाले यासाठी कोरे सोडावे. दर तीन महिन्यांनी ती वही उघडून प्रत्येक नावाची ताजी वार्ता शोधावी. आसिया बीबीची सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटका ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाली. तिच्यासाठी २०१० साली प्रार्थना केलेल्या मंडळ्यांनी त्या आठवड्यात उपकारस्तुती करायला हवी होती. नायजेरियातील दापची येथून फेब्रुवारी २०१८ मध्ये ११० शाळकरी मुली पळवल्या गेल्या. त्यांतील बहुतेक जणी महिन्याभरात परत आल्या, पण ख्रिस्ती श्रद्धा नाकारण्यास नकार देणारी लिया शारिबू मागे ठेवली गेली. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आमच्या वहीत तिच्या नावासमोरचे उजवे पान अजून कोरे आहे, आणि दर तिमाहीला तिचे नाव पुन्हा वाचले जाते.