बुश बदलताना या चुका टाळा

स्पोर्ट्स कारचे बुश (चाकाला धरणारे दांडे, म्हणजे आर्म, गाडीला जोडतात तिथल्या लवचीक गाद्या) बदलायचे म्हटलं की पोरं आधी रंग विचारतात. लाल की काळे? बोल्ट कधी आवळायचा, हे कोणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. फोंड्यात नवा-नवा असताना एका दोन सीटच्या गाडीचे मागच्या आर्मचे रबरी बुश बदलले. गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळतायत, तशातच बोल्ट कचकचून आवळले. खाली उतरवली तर मागून दोन बोटं वर. म्हटलं, नवीन आहेत, बसतील. चार महिन्यांनी अनमोड घाटात मागून धप्प धप्प. काढून बघतो तर रबर नळीपासून सोलून निघालेलं. रबरी बुश फिरत नाही, पिळतो. आतली नळी बोल्टने जखडलेली, बाहेरची आर्ममध्ये ठोकलेली, रबर दोघींना चिकटलेलं. लोंबकळत आवळलंत, की गाडी नुसती उभी असली तरी ते पिळलेलंच. आता गाडी उचलण्याआधी मी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतो आणि आकडा मास्किंग टेपवर लिहून तिथेच चिकटवतो. शेवटी हबखाली (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) जॅक लावून तो आकडा आणतो (गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, बघत), मगच टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) हातात.

दुसरं खूळ म्हणजे सगळीकडे पॉलियुरेथेन, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे ‘पॉली’ बुश. अँटी-रोल बारला (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) खुशाल घाला. पण ट्रेलिंग आर्म (मागच्या चाकाला पुढून धरणारा) वर-खाली होताना थोडा आडवाही वळतो, तिथे कडक बुश अडकतो. डिफरन्शियलला (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारी गिअरपेटी) कडक माउंट लावलंत तर गिअरची घूंऽऽ थेट केबिनमध्ये. पणजी-मडगाव एकदा ऐकून बघा. परत रबर घालायला येणाऱ्यांची मजुरी मी कमी करत नाही.

पॉली बुशला सोबत आलेलं सिलिकॉन ग्रीसच लावा, नाहीतर प्रत्येक गतिरोधकावर कुईं. रबरी बुश बसवताना साबणाचं पाणी पुरे, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

खाचा असलेल्या बुशला दिशा असते. जुना काढण्याआधी आर्मवर खूण करा.

रबर जाळून काढू नका. धूर विषारी, आणि ब्रेकचा होज वीतभर अंतरावर.

कळंगुट-कोलव्याकडच्या गाड्यांचे बोल्ट खाऱ्या हवेने नळीतच गंजून बसतात. आदल्या रात्री तेल मारा, नवे बोल्ट आधी मागवा. चवथीच्या आदल्या दिवशी गाडी आणून “संध्याकाळी हवी” म्हणणाऱ्यांना मी आता सरळ नाही म्हणतो.

अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) त्याच दिवशी. “पुढच्या आठवड्यात करतो” म्हणणाऱ्यांचे टायर आतल्या कडेने खाल्लेले मी बाहेरून ओळखतो.