कोंबड्या पण खोकतायत आणि घरात पोरगं पण? आधी हे करा

जानेवारी 2025 ला एचएमपीव्हीच्या (म्हणजे माणसाचा मेटान्यूमो, सर्दी-खोकल्याचा व्हायरस) बातम्या सुरू झाल्या आणि त्याच महिन्यात उदगीरला कावळे मेले, बर्ड फ्लू निघाला, मग काय, लोकांनी दोन्हीचा एकच काला केला. एचएमपीव्हीचं पक्ष्यांशी नातं आहे, पण बर्ड फ्लूशी नाही. माणसाचा मेटान्यूमो 2001 ला नेदरलँड्समध्ये सापडला, आणि त्याचा सगळ्यात जवळचा भाऊबंद निघाला पक्ष्यांचा मेटान्यूमो, जो 1978 पासूनच दक्षिण आफ्रिकेच्या टर्की पक्ष्यांमुळे माहीत होता. पण पोराचा एचएमपीव्ही खुराड्यातून येत नाही, तो माणसाकडूनच माणसाला लागतो. कोंबडीकडून माणसाला लागू शकतो तो बर्ड फ्लू, म्हणून आधी खुराड्याकडे बघायचं.

डोकं आणि डोळ्याभोवती सूज, नाक गळतंय, मान वाकडी, तर मेटान्यूमो असू शकतो. पण कोरायझातही (कोंबड्यांची जिवाणूंमुळे होणारी सर्दी) तोंड सुजतं, बर्ड फ्लूमध्ये पण, त्यामुळे नुसत्या सुजेवरून ठरवू नका. एकदम मर लागली, तुरा निळा-जांभळा पडला, पायावर लाल डाग दिसले तर बर्ड फ्लूच धरून चाला. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवायचं नाही, कापायचं तर अजिबात नाही, आणि उरलेल्या कोंबड्या घाईघाईने विकायच्या नाहीत (हे होतं, सगळ्यांना माहितीय). जनावरांच्या दवाखान्यात कळवा किंवा 1962 ला फोन लावा. खात्रीचा रिपोर्ट भोपाळच्या लॅबचा, 2006 ला नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तेव्हाही नमुने तिथेच गेले होते.

आता पोरगं. मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणू नका, व्हायरसवर ते चालत नाही. एचएमपीव्हीला खास औषध नाही, लसही नाही, बहुतेकांना आराम, पाणी आणि तापाच्या गोळीवर बरं वाटतं. धाप लागली, छाती आत ओढली जातेय, दूध प्यायचं सोडलं तर मात्र लगेच हॉस्पिटल.

आणि डॉक्टरांना घरात कोंबड्या आहेत, मर लागलीय हे न विचारता सांगा. ते विचारतीलच असं नाही. फ्लूवर, बर्ड फ्लूवरही, ओसेल्टामिविर नावाचं औषध आहे, ते पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं, एचएमपीव्हीवर त्याचा काही उपयोग नाही, म्हणजे तुमच्या त्या एका वाक्यावर गोळी बदलू शकते.