जुन्या नागपूरचे फोटो सापडले? मंग साल असं काढा

गावाकडं आबाजीच्या पेटीत नागपूर-अमरावतीचे जुने फोटो निघतात पण मागं सालच लिहिलेलं नसते, तं फोटोसंगच्या पावत्या, पत्रं, लग्नपत्रिका फेकू नका बाप्पा, साल तिथंच सापडते. पावतीवर आणे असले तं बहुतेक १९५७ च्या आधीची, कारण १ एप्रिल १९५७ ले दशमान नाणी आली, अन् 'नये पैसे' दिसले तं १९५७ ते ६४ च्या मधातली समजा. सरकारी कागदावर नागपूर अन् मध्यप्रदेश सोबत दिसलं तं चूक नाही, १९५६ पर्यंत नागपूर त्याच राज्याची राजधानी होतं. पत्त्यात पिनकोड असला म्हंजे १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. नसला तरी जुनंच असं नाही, आपले लोक आजही टाकत नाहीत!

फोटोमागं बॉलपेननं लिहू नका, दाब पुढं उमटते, मऊ पेन्सिल घ्या. लॅमिनेशन तं अजिबात नको. अन् काचेले चिकटलेला फोटो ओढू नका, म्या आजीचा सीताबर्डीवरचा असाच ओढला, चेहराच काचेवर राहिला. काचेसकट मोबाईलनं काढा, खिडकीजवळ, बाजूच्या उजेडात, फ्लॅश बंद करून.