लाइट आली, पण पीसी उठेना? फॉरमॅट मारू नका

वळवाचा पहिला पाऊस पडला की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, रात्री लाइट गेली होती, आता पीसी चालू होत नाहीये. विंडोज उडालंय वाटतं. फॉरमॅट मारू का?"

नको मारूस रे बाबा.

ओळखीतल्या एका काकांकडे सोसायटीचे हिशेब होते, सगळे एका जुन्या डेस्कटॉपवर. रात्रभर लाइट नव्हती. सकाळी काळ्या पडद्यावर एकच ओळ: नो बूटेबल डिव्हाइस, म्हणजे विंडोज चालू करण्याजोगी डिस्कच सापडत नाही. भाचा हुशार, त्याने लगेच पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला घेतलं. इन्स्टॉलर म्हणाला, ही डिस्क एमबीआर पद्धतीची (पार्टिशनची जुनी मांडणी) आहे, इथे टाकता येणार नाही. खरं तर इथेच थांबायचं होतं. याने व्हिडिओ बघून सगळी पार्टिशन्स उडवली, सी पण आणि डी पण. मी पोचलो तेव्हा कोरं करकरीत विंडोज होतं आणि काका पावतीपुस्तकं समोर घेऊन बसले होते.

दुखणं होतं मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ सेलचं. हा ३ व्होल्टचा चपटा सेल, पन्नास रुपयांच्या आतला. तो कधीच मेलेला असतो, पण भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत एसएमपीएसचा (पीसीतला वीज पुरवणारा डबा) ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा बायोसची, म्हणजे पीसी सुरू होताना आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमची, सेटिंग्ज सांभाळतो. लाइट तासन्‌तास गेली की बायोस सगळं विसरतो आणि कारखान्यातल्या सेटिंगवर जातो. काकांचं विंडोज लेगसी म्हणजे जुन्या बूट पद्धतीतलं, बायोस गेला यूईएफआय या नव्या पद्धतीवर. इन्स्टॉलर एमबीआरवर अडला तोही याचमुळे. डिस्क ठणठणीत असून त्याला बूट करण्यासारखं काही दिसेना. खूण सोपी आहे. बायोसमध्ये जाऊन तारीख बघा. दहा-बारा वर्षं मागे गेली असेल तर सेल बदला आणि बूट मोड, साटा मोड (डिस्क जोडणीची पद्धत), बूट ऑर्डर (आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं) पूर्वीसारखी करा. पूर्वी काय होतं हे कुणालाच आठवत नाही, म्हणून मी प्रत्येक नव्या मशीनच्या बायोसचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवतो. लोक हसतात, हसू देत.

पंखाही फिरत नसेल तर आधी स्पाइक गार्डचं बटण बघा. हसू नका, निम्मे फोन तिथेच संपतात. मग वायर भिंतीतून काढा, पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा, चहा घ्या, पुन्हा लावा. पुष्कळदा एवढ्यावर उठतो. बटण वीस वेळा दाबून मात्र काही होत नाही. तरीही मेलेलाच असेल तर दुसरा एसएमपीएस लावून बघा. जुना उघडायचा नाही. त्यातल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज उरलेला असू शकतो.

पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही? रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोकं खोडरबरने घासा, नीट बसवा.

विंडोज स्वतःहून डिस्क तपासायला बसलं तर बसू द्या. अकरा टक्क्यांवर अडकलंय म्हणून मध्येच बंद करणाऱ्यांना माझ्याकडे सहानुभूती नाही. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र ताबडतोब बंद करा. चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) नको, काही नको. महत्त्वाचा डेटा असेल तर पुन्हा चालूही न करता रिकव्हरीवाल्याकडे न्या. लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर बायोसला हात लावण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की शोधून ठेवा.

"पण आमच्याकडे यूपीएस आहे की!" आहे, पण त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते आणि कुणी बघत नाही. मी महिन्यातून एकदा सगळं सेव्ह करून भिंतीवरचं बटण बंद करतो आणि घड्याळ बघतो. काकांच्या यूपीएसने चार सेकंद काढले.