लहान पोरांना घेऊन माथेरान: आधी त्यांची झोप बघा, मग पॉइंट

घरात दीड ते चार वर्षांचं पोर आहे आणि मुंबई-ठाणे-पुण्याकडून दोन रात्रींसाठी कुठेतरी जायचंय असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून माथेरान सांगते. कारण साधं आहे, गावात गाड्या नाहीत. आपली गाडी दस्तुरी नाक्यावर लावायची आणि पुढे सगळं पायी, नाहीतर मिनी ट्रेन, नाहीतर घोडा, फार तर एखादी ई-रिक्षा. आपल्याकडे सोसायटीच्या गेटबाहेर पाऊल टाकलं की पोराचा हात घट्ट धरावा लागतो, इथे ते बाजाराच्या रस्त्यावर मनसोक्त दुडूदुडू चालतं आणि मागून हॉर्न वाजत नाही. घोडे मात्र मागून येतात, ते सांगतेच पुढे.

पण एक गोष्ट आधी ठरवून टाका. या ट्रिपचं टाइमटेबल पोराच्या दुपारच्या झोपेवर बसवायचं. माथेरानला तीसच्या वर पॉइंट आहेत, ते सगळे बघायचे असतील तर पोर कॉलेजला गेल्यावर जा. आत्ता सकाळी एक ठिकाण, दुपारी जेवून दोन-अडीच तास सगळ्यांनी आडवं व्हायचं, संध्याकाळी एक ठिकाण, बास. झोप मोडली की संध्याकाळी पोर किरकिर करतं, मग जेवत नाही, मग रात्री उठतं आणि दुसरा दिवस पण हातातून जातो.

कधी जायचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, शक्यतो सोमवार ते गुरुवार, शाळेची भानगड अजून सुरू झालेली नाही तोपर्यंत याचा फायदा घ्या. वीकेंडला रूमचे रेट पण चढतात आणि दस्तुरीहून गावात जाणाऱ्या छोट्या ट्रेनची, म्हणजे शटलची लाइन पण लांब असते. मे महिना, दिवाळी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळाच. पावसाळ्यात माथेरान सुंदर दिसतं हे खरं, पण इतक्या लहान पोरांसोबत नको, कपडे वाळत नाहीत, धुक्यात चार हातांवरचं दिसत नाही आणि कड्याजवळ तेच नकोय. जागा साधारण ८०० मीटर उंचीवर आहे, थंडीत संध्याकाळी चांगलाच गारवा असतो, कानटोपी आणि स्वेटर हाताशी ठेवा.

आता पोचायचं कसं. लोकलने येणार असाल तर सीएसएमटीवरून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून नेरळला उतरायचं, साधारण दोन तास, सकाळी मुंबईबाहेर जाणाऱ्या गाडीला त्यामानाने गर्दी कमी असते. पुण्याहून ट्रेनने कर्जतला येऊन तिथून लोकलने नेरळ. नेरळवरून वरपर्यंत जाणारी मिनी ट्रेन आहे, १९०७ पासूनची, दोन फुटी रुळांची, आणि सगळ्यांना तिचाच मोह असतो. पण माझं स्पष्ट मत आहे, चार वर्षांच्या आतल्या पोराला घेऊन तो पूर्ण प्रवास नको. एकवीसेक किलोमीटरला दोन-अडीच तास लागतात, डबा एवढासा, उठून फिरायला जागा नाही, पहिला अर्धा तास मजा येते आणि मग पोर दाराकडे ओढायला लागतं. त्यापेक्षा स्टेशनबाहेरून टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जा आणि तिथून चार पावलांवर अमन लॉज स्टेशन आहे तिथून माथेरानची शटल घ्या, पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास, पोराला झुकझुक गाडी पण मिळते आणि कंटाळा यायच्या आत उतरायची वेळ होते. पावसाळ्यात नेरळवरची गाडी बंद असते तेव्हा सुद्धा ही शटल साधारण चालू असते. शटलच्या तिकिटाच्या लाइनीत एकाने उभं राहायचं आणि दुसऱ्याने पोराला सावलीत घेऊन बसायचं, सगळ्यांनी लाइनीत उभं राहण्यात काही अर्थ नाही. पाच वर्षांच्या आत असेल आणि वेगळी सीट नको असेल तर रेल्वेत तिकीट लागत नाही.

नेरळ ते दस्तुरी घाट छोटा आहे पण वळणं जबरी आहेत. निघायच्या तासभर आधी थोडंसं कोरडं खायला द्या, पोळीचा तुकडा, बिस्किट, भाकरी असं काही, दूध अजिबात नको. घाटात मोबाइल हातात द्यायचा नाही, खाली स्क्रीनकडे बघितलं की मळमळतंच, खिडकी थोडी उघडी ठेवा आणि बाहेरची झाडं, माकडं दाखवत राहा. तरी एक पिशवी, ओले वाइप्स आणि एक कपड्यांचा जोड मांडीवरच्या बॅगेत हवा, डिकीतल्या बॅगेत असून उपयोग नाही. उलटीचं किंवा झोपेचं औषध मनाने देऊ नका, डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच.

दस्तुरीला उतरल्यावर माणशी प्रवेशाची पावती घ्यावी लागते. तिथे घोडेवाले, हमाल, एजंट सगळे एकदम घेरतात आणि पोर दमलेलं असतं म्हणून आपण पहिला म्हणेल त्याला हो म्हणतो, तसं करू नका. आधी शटलची वेळ बघा. सामान जास्त असेल तर हमाल जरूर करा, फक्त भाडं आणि हॉटेलचं नाव आधी पक्कं करून घ्या. हातरिक्षा मिळेल असं गृहीत धरू नका, माणसाने माणसाला ओढायची ही पद्धत बंद करा असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलंय आणि ते बरोबरच आहे. ई-रिक्षा आहेत पण मोजक्या आहेत, मिळाली तर छान. आणि स्ट्रोलर घरी ठेवा प्लीज. काही ठिकाणी पेव्हर ब्लॉक आहेत, बाकी सगळी लाल माती, दगड आणि झाडांची मुळं, त्यात ती चाकं रुततात. पोराला पुढे किंवा पाठीवर बांधायचा कॅरियर घ्या, एक आईच्या अंगाला बसणारा आणि बाबाला पण बसणारा असा अ‍ॅडजस्ट होणारा. बाबा लोकांनो, चढाला कॅरियर तुमच्याकडे.

घोड्यावर बसवायचं का हे सगळे विचारतात. माझं उत्तर नाही. पोराच्या मापाचं हेल्मेट मिळत नाही आणि तीन वर्षांचं पोर मांडीत धरून घोड्यावर बसलेल्या मोठ्या माणसाचा एक हात कायम अडकलेला असतो. लांबून घोडा दाखवा, नाव विचारा, पोरं तेवढ्यावर खूश होतात. रस्त्याने चालताना पोराला कडेच्या बाजूला ठेवायचं आणि घोड्याच्या मागे अजिबात उभं राहू द्यायचं नाही.

हॉटेल बुक करताना फोटो बघून भुलू नका, फोन करा. माथेरान स्टेशनपासून आणि बाजारापासून चालत किती मिनिटं, रूमपर्यंत पायऱ्या किती, बाल्कनी असेल तर कठड्याच्या गजांमधून पोराचं डोकं जाईल का, गरम पाणी दिवसभर असतं की फक्त सकाळी ठरावीक वेळात, लाइट गेली तर बॅकअप आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किचनमध्ये मऊ खिचडी बिनतिखटाची करून मिळेल का आणि रात्री दूध गरम करून मिळेल का. या शेवटच्या प्रश्नाला समोरचा आढेवेढे घेतोय असं वाटलं तर दुसरं हॉटेल बघा. बऱ्याच हॉटेलांत जेवणासकट पॅकेज असतं, तेव्हा जेवणाची वेळ विचारा, रात्री नऊला जेवण सुरू होणार असेल तर आपली पोरं तोवर पेंगायला लागतात. शांत जागा म्हणून गावाच्या एकदम टोकाचं हॉटेल घेऊ नका, औषध किंवा दूध आणायचं झालं तर बाजार जवळ असलेला बरा.

खाण्याचं म्हणाल तर घरून नेलेलं कधी वाया जात नाही. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून, जिऱ्यासोबत मिक्सरला रवाळ काढायची आणि डब्यात भरून न्यायची, हॉटेलच्या किचनला दिली की दहा मिनिटांत मऊ खिचडी, वरून आपलं घरचं तूप. नाचणी सत्त्व न्या. दुधातल्या दशम्या दोन दिवस आरामात टिकतात आणि पोरं नुसत्या हातात धरून खातात, गुळाच्या केल्या तर अजून आवडीने. केळी तिकडे मिळतात. आणि चिक्की! माथेरानची चिक्की सगळ्यांनी घ्यावी पण चार वर्षांच्या आतल्या पोराला देऊ नये, अख्खे शेंगदाणे आणि कडक तुकडा घशात अडकू शकतो, चालता चालता तर नाहीच नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना हे निघायच्या आधीच सांगून ठेवा, प्रेमाने हातावर तुकडा ठेवला जातो आणि आपलं लक्ष नसतं.

माकडांबद्दल नीट वाचा. त्यांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज कळतो, पोराच्या हातात वेफर्सचं पाकीट दिसलं की सरळ येऊन ओढतात, आणि पोराची उंची नेमकी त्यांच्या हाताला येते. उघड्यावर पोराच्या हातात खाऊ द्यायचा नाही, खायचं ते हॉटेलात नाहीतर दुकानाच्या आत बसून. माकडाने ओरखडलं किंवा चावलं तर हळद-बिळद लावत बसू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि लगेच डॉक्टरकडे, रेबीजची लस त्याच दिवशी सुरू व्हायला हवी.

औषधांचा डबा छोटाच ठेवा. तापाचं पॅरासिटामॉल सिरप, पण डोस वजनावर असतो म्हणून निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांकडून आत्ताच्या वजनाप्रमाणे किती मिली ते लिहून घ्या आणि बाटलीला चिकटवा. ओआरएसची पाकिटं, आणि पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घालायचं, अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट घालू नका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. थर्मामीटर, नाकात घालायचे सलाइनचे ड्रॉप्स, बँडेड, मच्छरदाणी. तिकडे धूळ असते आणि त्यात घोड्याची लीद मिसळलेली असते, दमा किंवा बालदमा असलेल्या पोराचा पंप आणि स्पेसर विसरू नका, आणि धुळीने खूप त्रास होणारं पोर असेल तर सरळ दुसरी जागा निवडा. त्याच धुळीमुळे कपडे गडद रंगाचे घ्या, पांढरे मोजे संध्याकाळपर्यंत विटकरी होतात आणि तो रंग निघत नाही.

फिरायचं कुठे? पोचल्याच्या संध्याकाळी फक्त बाजार आणि माथेरान स्टेशन. स्टेशनवर झुकझुक गाडी येताना-सुटताना बघणं हाच पोरांसाठी मोठा कार्यक्रम असतो, आपला खाली बसून दगड वेचायचा उद्योग थांबवून तोंड उघडं टाकून बघतात. दुसऱ्या सकाळी लवकर शार्लोट लेककडे जा, जवळच इको पॉइंट आणि लॉर्ड्स पॉइंट आहेत, पण लेकवर पोर रमलं तर पुढे जायची घाई करू नका. संध्याकाळी पेमास्टर पार्क, बाजारापासून जवळ. पॅनोरमा पॉइंट छान आहे पण लांब आहे, तो लहान पोर असताना सोडून द्या, किंवा एकाने पहाटे जाऊन यावं आणि दुसऱ्याने पोराजवळ झोपावं.

कुठल्याही पॉइंटवर गेलात तरी एकच नियम, कड्यापासून दहा पावलं आधीच पोर कॅरियरमध्ये किंवा कडेवर. बऱ्याच पॉइंटवर रेलिंग आहे, पण सगळीकडे नाही, आणि जिथे आहे तिथे दोन गजांमधून दोन वर्षांचं पोर सहज जातं. फोटो काढताना तर एका मोठ्या माणसाचं काम फक्त पोर धरणं, तो फोटोत नसेल तरी चालेल. बाजारात गर्दी असते म्हणून पोराच्या खिशात आई-बाबांचे दोन्ही मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून ठेवा, वर रेंज सगळीकडे सारखी मिळत नाही.

परत येताना रविवारची संध्याकाळ नको, शटलला पण गर्दी, नेरळला लोकलला पण गर्दी. चेकआउट करून सकाळच्या शटलने निघा, बाराच्या आत नेरळ सोडलं की पोर लोकलमध्ये मांडीवरच दुपारची झोप काढतं आणि घरी पोचल्यावर वरणभाताला जागं होतं.