पाहुण्याच्या हाती गाडी देताय? या चुका टाळा

नागपूर विमानतळावरून ताडोबा, पेंच, लोणार इथे पाहुणे पोचवायचं काम मी अठरा वर्षांपासून करतो. पूर्वी फॉरेनर मागे बसत आणि मी चालवत असे. आता दर हंगामात दोन-चार असे निघतातच, ज्यांना गाडी स्वतःच चालवायची असते. मग कुणी होमस्टेवाला, नाहीतर अमेरिकेतल्या जावयाचा सासरा मला फोन करतो, "भाऊ, पहिल्या दिवशी बाजूले बसून जा न." नसलेला ब्रेक दाबून दाबून माझ्या पायात गोळे येतात.

त्याच त्या चुका पाहून आता कंटाळलो, म्हणून लिहितो. पाहुण्यांना मराठी येत नाही, तेव्हा हे त्यांना चावी देणाऱ्या आपल्यासाठीच आहे. "काही नाही जी, सरळ रस्ता आहे" असं सांगून त्यांना सोडणारे आपणच असतो ना.

उजवा इंडिकेटर

यावर सगळ्यात जास्त बोलणार, कारण यात चूक माझी आहे.

दुपदरी रस्त्यावर पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर त्याचा अर्थ काय? एक, "रस्ता मोकळा आहे, काढ गाडी." दोन, "थांब, समोरून येऊन राहिलं." तीन, "मी उजवीकडे वळतो." कायद्याच्या पुस्तकात यातला तिसराच अर्थ आहे. आपण जन्मापासून इथे असल्यामुळे कोणता अर्थ कुठे घ्यायचा हे अंदाजाने कळतं, आणि आपल्यालाही दर वेळी कळतंच असं नाही.

चार-पाच वर्षांपूर्वीची डिसेंबरची गोष्ट. एक जर्मन नवरा-बायको, नागपुरातून भाड्याने घेतलेली गाडी, तो चालवतोय, मी बाजूला. जाम गावाला चहा घेताना मी मोठ्या ऐटीत त्याला शिकवलं, की ट्रकने उजवा लाईट दिला की समजायचं तो साईड देतोय, बिनधास्त जायचं. वरोरा सोडून आम्ही चिमूरच्या रस्त्याला लागलो. पुढे कापसाचा ट्रक. दोन्ही अंगांनी इतका फुगलेला की त्याचे आरसेही दिसत नव्हते. उजवा लाईट लुकलुकायला लागला. जर्मनाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "गो."

तो गेला. ट्रक जिनिंगच्या, म्हणजे कापूस पिंजायच्या कारखान्याच्या, फाटकात वळत होता.

त्याने ब्रेक दाबला, उजवीकडे स्टिअरिंग मारलं. डावा आरसा, डावं दार, फेंडर असं सगळं ट्रकच्या चाकाला घासत गेलं आणि आम्ही पलीकडच्या तुरीत जाऊन उभे राहिलो. समोरून त्या वेळी काही येत नव्हतं, एवढ्यावरच निभावलं. कुणाला खरचटलंही नाही. ट्रकवाला धावत आला आणि पहिलं वाक्य बोलला, "मी तं इंडिकेटर देल्ला होता न जी!" दिला होताच. जर्मन मला म्हणाला, "तूच तर म्हणालास, जा." त्याला उत्तर द्यायला माझ्याजवळ इंग्रजी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मराठीही नव्हतं. गाडीवाल्याने त्याचं डिपॉझिट कापलं, मी माझी तीन दिवसांची मजुरी सोडली.

तेव्हापासून मी पाहुण्याला इंडिकेटरचा अर्थ शिकवतच नाही. सांगतो, ट्रकचा लाईट पाहूच नको, ट्रकच्या उजवीकडे काय आहे ते पाहा. फाटा, पेट्रोल पंप, ढाबा, जिनिंग, गावाची कमान, यातलं काहीही दिसलं की मागेच राहायचं. ट्रकचा वेग कमी होतोय का, तो मधल्या पट्टीकडे सरकतोय का, तेही पाहायचं. ही शंका नसेल आणि समोरचा रस्ता लांबवर स्वच्छ दिसत असेल तरच हॉर्न देऊन पुढे. हॉर्न दिला म्हणजे उद्धटपणा झाला असं या लोकांना वाटतं. इथे हॉर्न म्हणजे "मी तुझ्या बाजूला आहे" एवढाच निरोप असतो, हे त्यांना आधीच सांगा.

तोच जर्मन गेल्या वर्षी परत आला. उजवा लाईट लागलेल्या एका ट्रकच्या मागे तो शांतपणे तीन-चार किलोमीटर चालला. शेवटी ट्रक ढाब्यावर थांबला, तोही डावीकडच्या. इंडिकेटर बंद करायचाच राहून गेला होता. म्हणजे अर्थ चार झाले.

आणि ओव्हरटेकची ही घाई येते कुठून? दुपारच्या सफारीला गेट गाठायचं असतं. नकाशा म्हणतो दोन तास, म्हणून हे बरोबर दोन तास आधी निघतात. राजेहो, आदल्या संध्याकाळी पोचायला सांगा ना. तसंही ताडोब्याच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या जंगलात, तुमची गाडी जात नाही, सफारीची उघडी जिप्सीच करावी लागते. मग कशासाठी जीव काढायचा?

अप्पर-डिप्पर

अमेरिकन, जर्मन, फ्रेंच लोकांच्या देशात उजवीकडून चालवतात, म्हणून ते इथे घाबरून चालवतात. मला जास्त भीती इंग्रजांची वाटते. डावी बाजू त्यांच्या सवयीची, स्टिअरिंगही उजवीकडे, त्यामुळे त्यांना वाटतं सगळं माहीतच आहे. त्यांच्याकडे समोरच्याने लाईट मारला की बहुतेक वेळा अर्थ "या, तुम्ही आधी." आपल्याकडे अर्थ "मी येतोय, तू थांब." अरुंद पुलावर हे दोन अर्थ समोरासमोर आले की काय होतं, ते मी एकदा पाहिलं. एसटी पुलाच्या मध्यावर, आमची गाडीही मध्यावर, आणि इंग्रज हात वर करून एसटीवाल्याला धन्यवाद देतोय. रिव्हर्स घेत बाहेर यावं लागलं. बसमधल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

लाईट मारला म्हणजे थांबायचं. यात दुसरा विचार नको.

डावी बाजू कधी विसरते

भर रहदारीत कुणी विसरत नाही, कारण पुढे चालणारी गाडी असते. विसरायला होतं ते रिकाम्या रस्त्यावर: पहाटे रिसॉर्टच्या फाटकातून निघताना, पेट्रोल भरून बाहेर पडताना, फोटोसाठी थांबून परत निघताना. पाच मिनिटं समोरून काही आलं नाही की माणूस आपल्या देशात जातो.

"डावीकडे चालव" असं सांगून उपयोग होत नाही. गडबडीत डावं-उजवं कुणालाच सुचत नाही. मी सांगतो, चालवणारा माणूस नेहमी रस्त्याच्या मधल्या अंगाला असला पाहिजे. तू काठाला बसलेला दिसलास तर चुकलास. हे लक्षात राहतं. शिवाय पहिले दोन दिवस मी स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला लाल दोरा बांधतो. त्यांना तो पूजेचा वाटतो, मी काही बोलत नाही. इंडिकेटरऐवजी वायपर लावणं मात्र तिसऱ्या दिवसापर्यंत चालतंच. त्याने नुकसान नाही.

दिवस मावळल्यावर

माझा नियम सरळ आहे. दिवे लागायच्या वेळेनंतर पाहुण्याने गाडी चालवायची नाही. त्या वेळी गुरं घरी येतात, बैलगाड्या परततात, आणि ना ट्रॉलीला मागे लाल दिवा असतो ना बैलांना. त्यात रोही. फॉरेनरला ती नीलगाय म्हणून माहीत असते, बिचारा कॅमेरा काढतो. एक रोही रस्ता ओलांडून गेला की हे गाडी काढतात, आणि कळपातला दुसरा बॉनेटवर येतो. पहिला दिसला की थांबा, लाईट डीम करा, मागचे जाऊ द्या. रानडुकरांचंही तेच.

रस्त्यात पळसाची फांदी किंवा दगडांची ओळ दिसली तर पुढे बंद पडलेला ट्रक उभा आहे असं समजा. हा आपला धोक्याचा त्रिकोण. ट्रक निघून गेला तरी दगड तिथेच असतात, हा आपला गुण.

नकाशा आणि पांदण

मोबाईल सर्वात जवळचा रस्ता दाखवतो, आणि आपल्याकडे सर्वात जवळचा रस्ता म्हणजे पांदण, शेतांमधली कच्ची वाट. उन्हाळ्यात ती निदान जाते तरी. एक पाऊस पडला की काळी माती चाकाला अशी धरते की चाक फिरतं आणि गाडी जागेवरच. जितका ॲक्सिलेटर द्याल तितकं खाली. फसलात तर इंजिन बंद करा आणि ट्रॅक्टर बोलवा. चाकाखाली पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) टाकून पाहायला हरकत नाही, पण शेतकऱ्याला विचारून. डांबरी सोडायची नाही, मग पंधरा किलोमीटर जास्त का पडेना.

डांबरी रस्त्याची साईडपट्टी पण त्याच मातीची असते. समोरून एसटी आली म्हणून चाक खाली उतरलं तर झटक्याने वर घेऊ नका. गाडी उडी मारून थेट समोरच्या बाजूला जाते. पाय ॲक्सिलेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग अगदी कमी झाला की हळूच वर या.

रपटा

रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांबायचं. "समोरचा ट्रक गेला" हे कारण नाही. फूटभर वाहत्या पाण्यात लहान कार उचलली जाते, आणि गढूळ पाण्याखाली रपटा शाबूत आहे की नाही ते दिसत नाही. अलीकडच्या गावात चहा प्या. नाला बहुतेक वेळा दोन-चार तासांत उतरतो.

थोडक्यात, पण गंभीर

समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० च चालवायची असं नाही. मे महिन्यात टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. सरळ सिमेंटवर झोप येते, तासाभराने थांबा.

गावाजवळ ब्रेकर असतोच, पट्टे असोत वा नसोत. शाळा दिसली की वेग कमी.

ऑक्टोबरात रस्त्यावर सोयाबीन किंवा कुटार (मळणीचा भुसा) पसरलेलं असेल तर त्यावर गाडी उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरने कुटार पेटतं.

आपली दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, इंग्लंडमध्ये ८०. "एका बिअरने काही होत नाही" हा त्यांचा हिशोब इथे चालत नाही. आणि सेवाग्रामला जाताना डिकीत बाटली नको. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीतही.

शेजाऱ्याची पांढऱ्या नंबरपाटीची खासगी गाडी भाड्याने देऊ नका. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पाहुण्याजवळ त्याच्या देशातून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना आणि मूळ परवाना, दोन्ही हवेत. जावयाच्या जुन्या महाराष्ट्राच्या परवान्याची मुदत संपली असेल तर तो कागदच समजा.

लागलंच तर

अपघात झालाच तर पाहुणा सगळ्यात जास्त घाबरतो तो जमलेल्या लोकांना. माझ्या अनुभवात दहातले नऊ जण पाणी घेऊन येतात. भीती त्या दहाव्याची. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की जखमीला दवाखान्यात पोचवायची जबाबदारी चालकाची आहे, पण जमाव भडकला असेल आणि ते शक्य नसेल तर अपवाद आहे. अशा वेळी थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचं, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत. १०८ वर ॲम्ब्युलन्स, ११२ वर पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. आणि गावातल्या मदत करणाऱ्याला सांगा की घाबरू नको. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १३४ अ नुसार जखमीला नेणाऱ्यावर कारवाई होत नाही.

मी प्रत्येक पाहुण्याच्या गाडीत समोर एक चिठ्ठी चिकटवतो: "हे आमचे पाहुणे आहेत, यांना मराठी-हिंदी येत नाही, या नंबरवर फोन करा." खाली माझा आणि होमस्टेचा नंबर, पाहुण्याचा रक्तगट. ही चिठ्ठी मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून इंग्रजीत लिहिली होती. गाडी पंक्चर झाली, आणि टायरवाल्याने ती पेट्रोलची पावती समजून तिच्यावरच हात पुसले.