घोड्यांचा ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपसाठी मागच्या सस्पेन्शनची निवड

ट्रेलर जोडून घोडे आत चढवले की पिकअपचे मागचे टोक खाली बसते, हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांकडे जातो, आणि बहुतेक मालक तेवढे पाहूनच एअर बॅगांची (मागच्या स्प्रिंगला जोड म्हणून बसवायच्या, हवा भरलेल्या रबरी पिशव्यांची) चौकशी करू लागतात. ही घाई टाळावी. मागचे टोक बसणे हे लक्षण आहे. त्यामागे जास्तीचे वजन, पुढच्या ॲक्सलवरून (दोन चाकांमधल्या आडव्या दांड्यावरून) निसटलेला भार, बसलेले पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) किंवा मऊ टायर यांपैकी कोणतेही कारण असू शकते, आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. एअर बॅगेने यांतले एकच काम नीट होते, ते म्हणजे उंची परत मिळवणे.

घोडा हा जिवंत भार आहे, हे या निवडीत सतत ध्यानात ठेवावे लागते. सिमेंटची पोती जिथे ठेवली तिथेच राहतात. घोडा मात्र वळणावर पाय फाकवून तोल सावरतो, ब्रेक लागताच पुढे रेलतो आणि कंटाळला की एका मागच्या पायावरून दुसऱ्यावर वजन टाकतो. स्थिर उभ्या घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते. त्याचा गुरुत्वमध्यही उंचावर असल्यामुळे ट्रेलरचे डुलणे हिचमार्गे (ट्रेलर गाडीला जिथे जोडतात त्या जोडणीमार्गे) थेट पिकअपच्या मागच्या ॲक्सलपर्यंत येते. म्हणून अशा पिकअपला वजन पेलणारी स्प्रिंग जितकी लागते तितकाच डुलणे रोखणारा आणि हेलकावे शमवणारा बंदोबस्तही लागतो.

सुरुवात वजनकाट्यावर करावी. उदाहरणादाखल, दोन घोड्यांचा रिकामा ट्रेलर १४०० किलो, प्रत्येकी ५०० किलोचे दोन घोडे, आणि खोगीर, चारा व पाणी मिळून १५० किलो, असे एकूण २५५० किलो धरू. बॉल हिचवर, म्हणजे पिकअपच्या मागच्या टोकावरील गोल गोळ्यावर, ओढल्या जाणाऱ्या, पुढच्या भागात वजन जास्त असलेल्या ट्रेलरमध्ये यातले १० ते १५ टक्के वजन हिचवर येणे अपेक्षित असते, म्हणजे साधारण २५५ ते ३८० किलो. मध्यभागी दोन ॲक्सल असलेल्या हलक्या बांधणीच्या ट्रेलरमध्ये हे प्रमाण बरेच कमी असते, तर पिकअपच्या हौद्यात जोडल्या जाणाऱ्या गूसनेक ट्रेलरमध्ये ते २० टक्क्यांच्या पुढे जाते. त्यामुळे आपल्या ट्रेलरच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा.

आपल्या उदाहरणात हिचवर ३२० किलो आले असे समजू. ते सगळेच्या सगळे मागच्या ॲक्सलवर जातात असा अनेकांचा समज असतो, पण प्रत्यक्षात त्याहून अधिक जातात. बॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे पिकअप सी-सॉप्रमाणे वागते. व्हीलबेस (पुढच्या व मागच्या ॲक्सलमधले अंतर) ३.७ मीटर आणि ॲक्सलपासून बॉलपर्यंतचे अंतर १.२५ मीटर असेल, तर पुढच्या ॲक्सलवरून सुमारे १०८ किलो उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर सुमारे ४२८ किलो वाढतात. हे १०८ किलो ज्या चाकांवरून गेले त्याच चाकांनी गाडी वळते आणि ब्रेकचा मोठा वाटाही तीच उचलतात. स्टिअरिंग हलके लागणे आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाके उशिरा ऐकणे यांचे मूळ इथे आहे.

मागे कितीही जाड एअर बॅग लावली तरी हे १०८ किलो पुढे परत जात नाहीत. बॅग मागचे टोक उचलते, गाडी सपाट दिसते, मालक समाधानी होतो आणि पुढचा ॲक्सल होता तितकाच हलका राहतो. हा भार पुढे परत न्यायचा तर वजन वाटून देणारे हिच लागते. त्याचे स्प्रिंगचे दांडे ताणले की मागच्या ॲक्सलवरचा काही भार पुढच्या ॲक्सलवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर सरकतो. पुढचा भार किती परत आणायचा याबाबत पिकअप उत्पादकांच्या सूचना वेगवेगळ्या आहेत, म्हणून पुस्तिका उघडून पाहावीच. ट्रेलरला ओव्हररन ब्रेक (पिकअप मंदावल्यावर ट्रेलरच्या पुढे रेटण्याने आपोआप लागणारे ब्रेक) असतील, तर असे हिच त्याच्याशी जुळते की नाही हेही आधी विचारून घ्यावे. गूसनेकमध्ये हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही, कारण त्याचा भार मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे येतो.

दुसरा गैरसमज त्याहून धोक्याचा आहे. सस्पेन्शनमध्ये काहीही वाढवले तरी पिकअपची वजनक्षमता वाढत नाही. दाराच्या चौकटीवरील पट्टीत एकूण वजनाची आणि मागच्या ॲक्सलची जी मर्यादा छापलेली असते, ती ॲक्सल, बेअरिंग, चाके, टायर, ब्रेक आणि चॅसिस (गाडीचा सांगाडा) यांचा एकत्र विचार करून ठरवलेली असते. काट्यावरचा आकडा त्या मर्यादेच्या वर गेला असेल, तर सस्पेन्शनचे दुकान शोधण्याऐवजी हलका ट्रेलर किंवा मोठी पिकअप शोधावी. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, मलाही आवडले नव्हते.

वजन मर्यादेत असेल तर पुढची पायरी टायरची. प्रवासी वाहनांच्या वर्गातले टायर हलक्या पिकअपवर सर्रास येतात. त्यांच्या बाजूच्या भिंती मऊ असतात आणि भार आला की त्या आडव्या हलतात. मागचे टोक ‘शेपूट हलवल्यासारखे’ वाटते, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचा दोष स्प्रिंगमध्ये नसून इथे असतो. योग्य भारश्रेणीचे हलक्या ट्रकचे टायर आणि भारानुसार भरलेली हवा एवढ्यानेच निम्मी अस्वस्थता जाते. त्यानंतर गाडीखाली वाकून पाटे पाहावेत. रिकाम्या गाडीतच पाट्यांची कमान सपाट झालेली दिसली, एखादा पाटा तडकलेला असला किंवा शॅकलचे (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणाऱ्या दुव्याचे) रबरी बुश फाटलेले असले, तर आधी मूळ पाटे नीट करून घ्यावेत. बसलेल्या पाट्यांना एअर बॅगेचा टेकू देणे म्हणजे वाळवी लागलेल्या खांबाला रंग देणे.

आता प्रत्यक्ष पर्याय. सगळ्यांत साधा पर्याय म्हणजे मूळ बंप स्टॉप (ॲक्सल चॅसिसवर आदळू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) काढून त्या जागी बसवायचे पोकळ रबराचे किंवा दाट फोमचे ठोकळे. त्यांत हवा भरायची नसते आणि गळण्यासारखे काहीच नसते. गाडी रिकामी असताना ठोकळा आणि ॲक्सल यांच्यात फट राहत असेल, तर रोजच्या चालीत फरक पडत नाही आणि भार आल्यावरच ठोकळा टेकतो. महिन्यातून एक-दोन वेळा, नेहमी तेच दोन घोडे आणि तोच ट्रेलर नेणाऱ्यासाठी माझी पहिली पसंती याच पर्यायाला आहे. उंची कमी-जास्त करता येत नाही, ही त्याची मर्यादा आहे.

एक पाटा वाढवणे हा जुना आणि टिकाऊ उपाय. पाट्यांच्या गठ्ठ्यात आणखी एक पाटा घातला की गाडी कायमची कडक होते आणि रिकामी असतानाही मागे उंच राहते. पिकअप वर्षभर हौद्यात चारा आणि मागे ट्रेलर घेऊनच फिरत असेल तर हे योग्य आहे. एरवी त्याच गाडीतून घरची मंडळी नेत असाल तर प्रत्येक खड्डा पाठीला कळेल. मूळ पाट्यांच्या वर बसणारे साहाय्यक पाटे हा मधला मार्ग आहे, कारण त्यांचा ताण कमी-जास्त करता येतो.

एअर बॅगांचे खरे बळ भार बदलत असतो तिथे दिसते. आज एक घोडा, उद्या दोन, परवा रिकामा ट्रेलर, अशा वापरात हवा भरून किंवा सोडून उंची जुळवता येते. पाट्यांच्या पिकअपमध्ये चॅसिस आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसणाऱ्या बॅगांची जोडी साधारण २२०० किलोपर्यंतचा भार सपाट करू शकते आणि त्यांची हवेची कक्षा बहुधा ५ ते १०० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) असते. राम १५०० सारख्या, मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या गाडीत बॅग कॉइलच्या पोटात बसते. तिची कक्षा साधारण ५ ते ३५ पीएसआय आणि जोडीची क्षमता ४५० किलोच्या आसपास असते. दोन्हींना एकाच नावाने ओळखले जात असले तरी त्या वेगळ्या वस्तू आहेत.

बसवताना दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि यावर मी तडजोड करत नाही. माझ्या पहिल्या पिकअपवर मी एक हवेचे तोंड वाचवण्यासाठी दोन्ही बॅगा ‘टी’ जोडाने एकाच नळीवर घेतल्या होत्या. मोकळ्या रस्त्यावर सारे ठीक होते. पण लांबलचक उजव्या वळणावर घोडीने डाव्या बाजूला अंग टाकले आणि गाडी डावीकडे कलली. दाबल्या गेलेल्या डाव्या बॅगेतली हवा उजवीकडच्या बॅगेत गेली, त्यामुळे कल आणखी वाढला आणि वळण संपेपर्यंत गाडी तशीच रेलून राहिली. वेगळ्या नळ्या असत्या तर दाबली गेलेली बॅग अधिक कडक होऊन कल रोखून धरला असता. वेगळ्या नळ्यांचा दुसरा फायदा एकट्या घोड्याच्या वेळी कळतो. रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता असतो, म्हणून शेजारी-शेजारी दोन खण असलेल्या ट्रेलरमध्ये एकटा घोडा रस्त्याच्या मध्याकडील खणात उभा करतात. मग त्या बाजूच्या बॅगेत थोडी जास्त हवा ठेवून गाडी सरळ करता येते.

नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी, तिला उष्णतेची ढाल लावावी आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी सोडून बुडबुडे पाहावेत. केबिनमधून चालणारा कॉम्प्रेसर सोयीचा असतो, पण गळतीची ठिकाणेही वाढवतो. साध्या व्हॉल्व्हने पंपाची हवा भरण्यात मला कधी अडचण आलेली नाही.

स्प्रिंग कडक केली की शॉक ॲब्सॉर्बरकडे पाहणे भागच असते. स्प्रिंग भार पेलते, पण उसळी शमवत नाही. पुलाच्या जोडावरून गेल्यावर मागचे टोक एकदा वर-खाली होऊन थांबले तर शॉक पुरेसे आहेत. दोन-तीन हेलकावे आले तर ते बदलावेत, कारण तेच हेलकावे हिचमधून ट्रेलरच्या जमिनीपर्यंत जातात आणि घोड्याला पूर्ण प्रवासभर पायांनी ते झेलावे लागतात. उंची ठीक असूनही गाडी वळणात डोलत असेल तर मागे जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कल रोखणारा दांडा) लावावा. तो उभा भार मुळीच उचलत नाही, पण दोन्ही चाकांमधला फरक आवरतो. घोडे नेणाऱ्यांकडून या दांड्याकडे विनाकारण दुर्लक्ष होते.

काही पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला एक दांडी जोडलेली असते, जी गाडी किती बसली हे पाहून मागच्या ब्रेकचा दाब ठरवते. बॅग किंवा ठोकळ्याने गाडी उंच ठेवली की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. तुमच्या गाडीत ही दांडी असेल तर उंची बदलल्यावर ती नव्याने जुळवून घेतल्याशिवाय ट्रेलर जोडू नये.

जुळवणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. ट्रेलर न जोडता, सपाट जमिनीवर चारही चाकांच्या कमानींची जमिनीपासूनची उंची मोजून वहीत लिहावी. मग बॅगेत किमान हवा ठेवून भरलेला ट्रेलर जोडावा, वजन वाटणारे हिच असेल तर ते आधी ताणून पुढच्या चाकाची कमान पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीपर्यंत खाली आणावी, आणि उरलेला मागचा कल शेवटी हवेने काढावा. उलट क्रमाने, म्हणजे आधी बॅगा फुगवून मग हिच जुळवायला गेल्यास बॅगाच भार धरून ठेवतात आणि पुढचा ॲक्सल हलकाच राहतो. मागचे टोक पूर्ण सपाट करण्याचा हट्ट नको. रिकाम्या उंचीपेक्षा बोट-दोन बोटे खाली राहिले तरी चालते. ट्रेलर मात्र सपाट किंवा नाकाकडे किंचित झुकलेला असावा, आणि त्यासाठी हिचच्या बॉलची उंची बदलावी, बॅगेतली हवा नव्हे. नाक वर असलेल्या ट्रेलरमध्ये हिचवरचे वजन घटते, ट्रेलरचा मागचा ॲक्सल जास्त दबतो आणि घोडे चढावर उभे राहिल्यासारखे प्रवास करतात.

त्यानंतर पुन्हा काट्यावर जावे, घोड्यांसह, आणि पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल व ट्रेलरचे ॲक्सल अशी तीन वजने घ्यावीत. आकडे बसले की पहिली चाचणी ओळखीच्या रस्त्यावर, मंद वेगाने करावी, आणि काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट व ब्रॅकेटचे नट पुन्हा आवळावेत. घोडे उतरवून ट्रेलर सोडल्यावर बॅगेतली हवा किमान दाबापर्यंत कमी करावी, पण पूर्ण सोडू नये, कारण रिकाम्या बॅगेचे रबर घडीत चिमटले जाऊन फाटते.